विमानवाला अन्वर पिंजारी

आमच्या नंदुरबारच्या लोकांना कुणाचंही खरं नाव पचत नाही. पायात काटा मोडला म्हणून एखादा आठवडाभर लंगडला, की तो जन्मभराचा लंगड्या. एकाने लग्नाच्या पंगतीत बुंदी जास्त मागितली, तर त्याच्या नातवालाही लोक बुंद्या म्हणत. अन्वर पिंजाऱ्याला सगळं गाव विमानवाला म्हणत असे. नवख्या माणसाला वाटायचं की हे गमतीत दिलेलं नाव असेल. गंमत नव्हती. गावाने ते नाव त्याला मानाने दिलं होतं आणि त्याने ते मानानेच घेतलं होतं. पुढे ते नाव त्याला नको झालं, पण आमच्याकडे दिलेलं नाव परत घ्यायची रीत नाही.

अन्वर कापूस पिंजायचा. खांद्यावर माणसाच्या उंचीची पिंजण घेऊन तो गल्लोगल्ली फिरे. तिच्या ताणलेल्या तातीवर लाकडी मुठीने ठोका दिला की तिचा घुमणारा आवाज दोन गल्ल्या पलीकडे ऐकू येई आणि बायका जुन्या गाद्या ओसरीवर आणून टाकत. काम चांगलं करायचा. त्याने पिंजलेल्या कापसात सरकीचा दाणा सापडायचा नाही. पण गावात जिनिंगचे कारखाने आले, तयार गाद्या दुकानात मिळू लागल्या, आणि पिंजाऱ्यांच्या मोहल्ल्यातली तरणी पोरं बाहेरगावी जाऊ लागली. अन्वर आणि शेजारच्या खातूनबीचा एकुलता एक मुलगा सलाउद्दीन, दोघे मिळून कराचीला गेले. कराचीच्या बंदरात कापसाच्या गाठी चढवायला माणसं लागतात, असं कुणीतरी सांगितलं होतं.

सलाउद्दीन अंगाने धिप्पाड, तो बंदरात टिकला. अन्वर टिकला नाही. गाठी उचलून त्याची पाठ गेली. मग शहराबाहेर विमानं उतरायची तिथे त्याला काम मिळालं. गवत कापायचं, पेट्रोलचे डबे वाहायचे, विमान उडण्याआधी त्याचे पंख फडक्याने पुसायचे. टपालाच्या थैल्या घेऊन ते लहानसं विमान कराचीहून मुंबईकडे निघे, तेही रोज नाही. थैल्यांच्या जोडीला कधीमधी एखादा साहेब नाहीतर एखादा शेठ बसून जाई. विमानाचा आवाज इतका की कानाचे पडदे फाटतील, म्हणून बसणाऱ्याच्या कानात कापसाचे बोळे घालावे लागत. एका साहेबाला कळलं की हा गवत कापणारा जातीचा पिंजारी आहे. तेव्हापासून ते बोळे करायचं काम अन्वरकडे आलं. आयुष्यात विमानाशी त्याचं सर्वांत जवळचं नातं काय ते एवढंच, परक्यांच्या कानातला कापूस.

तिसऱ्या वर्षी तो हिवतापाने आडवा पडला. महिनाभर पडून राहिला तेव्हा कामावर दुसरा माणूस आला. सलाउद्दीनने त्याला आपल्या खोलीत ठेवलं, औषध आणलं, आणि ताप उतरल्यावर स्वतःच्या मजुरीतून तिकीट काढून त्याला गाडीत बसवून दिलं. हैदराबाद सिंध, मारवाड जंक्शन, अहमदाबाद, सुरत, असं गाड्या बदलत, फलाटावर झोपत अन्वर चौथ्या दिवशी नंदुरबारला उतरला. हे सन चौतीसचं असावं. अंगावर एक सदरा, हातात एक रिकामी पिशवी.

आता आमच्या पिंजारी मोहल्ल्यात एक चाल होती. कमवायला परगावी गेलेला माणूस परतला की त्याच दिवशी प्रत्येक घरी एक रकाबी पाठवायची. त्या गावची जी मिठाई असेल ती, मग सुरतेची घारी असो की मुंबईचा बर्फी-पेढा. रकाबीत चिमूटभर असलं तरी चालायचं, पण रकाबी आली पाहिजे. अन्वर कराचीहून आला म्हटल्यावर घरोघरच्या बायकांनी कराचीच्या हलव्याची वाट पाहिली होती. संध्याकाळ झाली तरी एकही रकाबी आली नाही. मशिदीसमोरच्या ओट्यावर माणसं बसली होती. ज्याची त्याची नजर अन्वरच्या रिकाम्या हातांकडे जात होती आणि ती अन्वरला दिसत होती. लोटन टांगेवाला तिथेच चिलीम ओढत होता. त्याने साधेपणाने विचारलं की तीन वर्षांच्या कमाईचं काय झालं.

अन्वरने खाली मान घालून सांगायला हवं होतं की तापात गेलं सगळं. ओट्यावरच्या एकानेही त्याला त्याबद्दल बोल लावला नसता. पण त्याला लाज वाटली. लाज वाटलेला माणूस काय बोलेल याचा नेम नसतो. तो म्हणाला की सगळी कमाई विमानाच्या तिकिटाला गेली. कराचीहून मुंबईला विमानाने आलो, तिथून गाडीने.

मग लोटनने चिलीम बाजूला ठेवली आणि विचारलं, "कितला टाइम लागस विमानले?"

आणि इथे अन्वरचं नशीब फिरलं, कारण हे त्याला खरोखर माहीत होतं. सहाशेच्या वर मैल, तो म्हणाला. सकाळी उजाडता निघायचं, मध्ये अहमदाबादला पेट्रोल भरायचं, आणि दुपारचं जेवण मुंबईत. मग कानातल्या कापसाचं सांगितलं. बोळा किती मोठा हवा, फार पिळला तर टोचतो, फार मोकळा ठेवला तर गळून पडतो, हे सांगताना त्याने दोन बोटांनी तो करूनही दाखवला. कापसाच्या गावात याहून मोठी साक्ष कोणती? ज्याला विमानात बसल्याचं खोटं सांगायचं असेल तो ढगांचं सांगेल, वाऱ्याचं सांगेल. कापसाचं कोण सांगणार? ओट्यावरच्या सगळ्यांनी मान डोलावली आणि हलव्याची गोष्ट तिथेच संपली.

त्याची बायको शमा दुसऱ्या दिवशी त्याचा सदरा धुवायला बसली. पाणी काळं झालं. तिने सदरा पिळता पिळता एवढंच विचारलं, "विमानमा बी कोयसा ऱ्हास का?" अन्वर पिंजण उचलून बाहेर पडला आणि तिने पुन्हा विचारलं नाही.

त्या दिवसापासून तो विमानवाला झाला. शहाद्याचे कापूस व्यापारी गाडी चुकली की त्याला बोलावून विमानाच्या गोष्टी ऐकत. कुणाच्या ओसरीवर पिंजायला बसला की घरमालक पाहुण्यांना आतून बोलावून आणी, हा बघा, हा विमानात बसलेला माणूस. काम थोडं वाढलंही. सुरुवातीला प्रत्येक वेळी तो लोकांच्या नजरा चुकवून सांगे. मग डोळ्यांत बघून सांगू लागला. खोटं बोलून माणसाचं काही बिघडत नाही असं त्याला वाटू लागलं, आणि खरं सांगायचं तर तोपर्यंत काही बिघडलंही नव्हतं. कुणाला बुडवलं नव्हतं, कुणाची वस्तू लाटली नव्हती. गावाला ऐकायला गंमत होती आणि त्याला बसायला मानाची जागा.

बिघडलं ते खातूनबीच्या घरी, आणि ते इतकं हळू बिघडलं की अन्वरच्याही लक्षात आलं नाही.

खातूनबी सलाउद्दीनची आई. नवरा लवकर गेलेला, एकटी राहायची. मोहल्ल्यातल्या निम्म्या पोरांना तिने न्हाऊमाखू घातलेलं, त्यात अन्वरही होता. तो तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचा. मुलगा कराचीला गेला तेव्हा तिला वाटलं होतं की तो दुनियेच्या पलीकडे गेला. ईद आली की ती दारात बसून रडायची. कराची कुठे, समुद्राच्या अलीकडे की पलीकडे, हेही तिला ठाऊक नव्हतं. अन्वर परतला आणि तिने त्याला पहिला प्रश्न तोच केला, की माझा सल्लू किती लांब आहे. अन्वरने गावाला सांगितलं तेच तिला सांगितलं. सकाळी निघाला तर दुपारी मुंबईत, मुंबईहून रात्रीची गाडी, दुसऱ्या दिवशी सकाळी दारात.

त्या दिवसापासून म्हातारीचं रडणं थांबलं. पाण्याला आलेल्या बायकांना ती सांगू लागली की माझा मुलगा काही लांब नाही, अर्ध्या दिवसाची तर वाट आहे, उरलेली आपल्या घरचीच गाडी. तळोद्याला दिलेली लेक बैलगाडीने यायला जेवढा वेळ लावते तेवढ्यात माझा सल्लू येईल, असा तिचा हिशेब. सणाला मुलगा आला नाही तरी ती हसून म्हणायची, जवळच तर आहे, मनात आलं की येईल. मुलाने सुट्टी घेऊन यावं असा निरोप पूर्वी ती वर्षाला दोनदा पाठवायची, तो पाठवणं तिने बंद केलं. बंदरातला हमाल विमानाच्या तिकिटाला पैसे आणणार कुठून, हा विचार तिच्या डोक्यात आला नाही. कारण शेजारचा पिंजारी विमानाने आला होता, आणि तिचा मुलगा तर त्याच्याहून जास्त कमावत होता.

तीन वर्षं अशी गेली. सदतीसच्या वैशाखात खातूनबी आजारी पडली. आधी साधा ताप वाटला, मग अंगावर सूज आली. हकीमाने शमाला बाजूला घेऊन सांगितलं की मुलाला बोलवायचं असेल तर बोलावून घ्या. शमाने तसं खातूनबीला सुचवलं, हकीमाचं नाव न घेता. म्हातारी उशीवरून म्हणाली, "आत्तेच कसाले तार करतस? अर्धा दिवसनी तं वाट शे. पोऱ्यानी मजुरी बुडी. मले जास्त वाटनं म्हणजे सकाये तार करा, दुसरा दिन तो आठे, दारमा."

अन्वर तिथेच बसला होता. शमाने त्याच्याकडे पाहिलं. त्याने डोळे फिरवले.

घरी गेल्यावर शमा स्पष्ट बोलली. तिने सांगितलं की कोळशाचा सदरा मी धुतला आहे, मला सगळं ठाऊक आहे, मी तीन वर्षं तोंड उघडलं नाही, पण आता तू जाऊन खालाला सांग की गाडीला चार दिवस लागतात. अन्वर म्हणाला, उद्या सांगतो. दुसऱ्या दिवशी तो खरोखर सांगायला गेला. उंबरठ्यावर पाय ठेवला तर आत लोटन बसला होता, म्हातारीसाठी डाळिंबं घेऊन आलेला. अन्वरला पाहून तो म्हातारीला म्हणाला की घे, आला विमानवाला, आता यालाच विचार. आणि अन्वरला म्हणाला की खालाला जरा सांग रे पुन्हा, विमान कसं जातं, तिचं मन रमेल. अन्वरने पुन्हा सांगितलं. अहमदाबादचं पेट्रोल, मुंबईचं जेवण, कानातला कापूस, सगळं. खातूनबी डोळे मिटून हसत ऐकत होती.

बाहेर पडल्यावर त्याला स्वतःची किळस आली. पण किळस येणं वेगळं आणि परत आत जाणं वेगळं. तो परत आत गेला नाही. तो मनाशी म्हणे की खाला बरी होईल, मग सांगायची गरजच पडणार नाही. लोटन नसेल तेव्हा सांगू. हकीम नसेल तेव्हा सांगू. रोज कुणी ना कुणी असे. एकदा कुणीच नव्हतं, तेव्हा तिला झोप लागली होती. तिला हाक मारून उठवता आलं असतं. तो तिच्या पायाशी थोडा वेळ बसला आणि उठून गेला. आठवडा असा निघून गेला. त्या आठवड्याच्या सुरुवातीलाच तार गेली असती तर सलाउद्दीन वेळेवर पोचला असता. हे सगळ्या गावात फक्त दोघांना माहीत होतं, आणि त्यातली एक नवऱ्याची अब्रू उघड्यावर कशी टाकायची म्हणून गप्प होती.

आठवड्यानंतर खातूनबीने स्वतःच सांगितलं की आता करा तार. सकाळी तार गेली. त्या दिवशी तिने अन्वरला आपल्या खाटेजवळून हलू दिलं नाही. ती मुलाचा प्रवास मोजत होती. ऊन चढलं तेव्हा तिने विचारलं की आता अहमदाबाद आलं असेल ना. अन्वर म्हणाला, हो. दुपारी तिने विचारलं की मुंबईत उतरला असेल. अन्वर म्हणाला, हो. जेवला असेल का? हो, जेवला. त्या वेळी सलाउद्दीनच्या हातात तार तरी पडली होती की नाही कोण जाणे. संध्याकाळी तिने शमाला सांगितलं की सकाळसाठी त्याच्या आवडीचं वांगं आणून ठेव. पहाटे, सुरतेकडची गाडी यायच्या आधी, ती गेली.

काही लोक पुढे म्हणाले की त्या खोट्याने म्हातारीचं मरण सोपं केलं. मला हे पटत नाही. सोपं मरण ज्याला द्यायचं असतं तो मुलाला बोलावून देतो.

सकाळच्या गाडीवर लोटनचा टांगा गेला आणि रिकामा परत आला. आता प्रश्न आला तो दफनाचा. मय्यत घरात ठेवायची नाही, जितकं लवकर होईल तितकं करायचं, ही रीत. त्यात वैशाखाचं ऊन. पण एकुलता एक मुलगा, आणि तोही इतक्या जवळ. आईला कबरीत उतरवणं हा त्याचा हक्क. जमातीतले वडीलधारे अंगणात बसले आणि त्यांनी ठरवलं की ज्याला माहीत आहे त्याला विचारावं. सगळे अन्वरकडे पाहू लागले. संध्याकाळच्या गाडीने येईल का तो? थांबावं का?

त्या अंगणात त्याला खरं सांगायची शेवटची संधी होती. एक वाक्य पुरलं असतं. अन्वर म्हणाला, "विमान रोज नही उडस."

हे खरं होतं. तो एवढंच बोलला आणि अब्रू पुन्हा वाचली. वडीलधाऱ्यांनी मान हलवली, अल्लाची मर्जी म्हणाले, आणि दुपारच्या नमाजानंतर जनाजा उचलला. कबरीत उतरायला जवळचा माणूस हवा. सगळ्यांनी अन्वरलाच पुढे केलं, कारण तिला मुलासारखा तोच होता. त्याने तिला आपल्या हातांनी खाली ठेवलं. वर आला तेव्हा लोकांनी त्याला धरून सावलीत बसवलं. बिचाऱ्याला फार लागलं, असं सगळे म्हणत होते.

त्यानंतर अन्वर सुरतेकडून येणाऱ्या प्रत्येक गाडीला स्टेशनवर जाऊन उभा राहू लागला. पिंजण घरात पडून. लोकांना ते पाहून भरून येई. शेजारी असावा तर असा, म्हणत. तो का जात होता हे मी सांगतो, कारण पुढे त्याने स्वतःच ते सगळ्यांना सांगितलं. सलाउद्दीन गावात शिरायच्या आधी त्याला गाठायचं होतं. तो गाडीतून उतरणार, कुणीतरी विमानाचं विचारणार, आणि ज्याने आपल्याला कराचीला स्वतःच्या हाताने गाडीत बसवलं तोच माणूस सगळ्यांसमोर हसणार, ही त्याची भीती होती.

सलाउद्दीन चौथ्या दिवशी उतरला. डोळे लाल, कपड्यांवर धूळ आणि कोळसा. अन्वर धावत त्याच्यापाशी गेला, त्याचा हात धरून त्याला फलाटाच्या टोकाला नेलं आणि इकडेतिकडे पाहून म्हणाला, "सल्लू, मोहल्लामा कोणी इचारं तं सांगजो, विमानमा जागा नही भेटनी."

सलाउद्दीनला त्यातलं एक अक्षर कळलं नाही.

"मन्ही माय कशी शे?" त्याने विचारलं.

तेव्हा अन्वरच्या ध्यानात आलं की आपण आधी काय बोललो. माणसाची आई मेली होती, तो तिच्यासाठी चार दिवस जागत आला होता, आणि त्याला गाठून आपण पहिली गोष्ट ही सांगितली. पुढे तो म्हणायचा की कबरीत उतरलो तेव्हा नाही, तिला खोटं सांगितलं तेव्हाही नाही, माझी खरी लाज त्या फलाटावर मला दिसली. त्याच्या तोंडाकडे पाहूनच सलाउद्दीनला काय ते समजलं. तो तिथेच फलाटावर बसला.

मोहल्ल्यात आल्यावर लोक गोळा झाले. रडणं झालं, धीर देणं झालं. मग कुणीतरी विचारलंच, की विमान मिळालं नाही का. अन्वर दाराशी भिंतीला टेकून उभा होता. सलाउद्दीनने त्याच्याकडे पाहिलं नाही. खालच्या आवाजात म्हणाला की जागा नव्हती. ज्याने आजारपणात औषध आणलं होतं त्याने आताही त्याची अब्रू राखली. अन्वर घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला.

पण बायका बोलतातच. दोन दिवसांत सलाउद्दीनला कळलं की आई आठवडाभर अंथरुणावर होती. तार का नाही केली म्हणून त्याने विचारलं, तर त्यांनी कौतुकाने सांगितलं की तुझ्या आईचा तुझ्यावर केवढा भरवसा, ती म्हणायची अर्ध्या दिवसाची तर वाट आहे, त्याची मजुरी कशाला बुडवायची. कोणी सांगितलं तिला अर्धा दिवस? का, विमानवाल्याने.

तो उठला आणि अन्वरच्या घरी आला. शमा चुलीपाशी होती, ती उठून आत गेली. सलाउद्दीन आवाज चढवून बोलला नाही. तो म्हणाला, "मी तुन्ही अब्रू राखी. तू एक बोल बोलता तं मी मन्ही मायनं तोंड देखतू."

एवढं बोलून तो गेला आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीने कराचीला परतला. तो पुन्हा नंदुरबारला आला नाही. आईचं घर त्याने बहिणीच्या नावाने करून दिलं, तेही पत्रानेच. सलाउद्दीन निघाला त्या दिवशी अन्वरने स्टेशनपर्यंत जायचा प्रयत्न केला. रस्त्यात तो थांबला, कारण गाडीत चढणाऱ्या माणसाला काय सांगायचं हे त्याला सुचलं नाही.

पुढच्या जुम्म्याला नमाज झाल्यावर माणसं चपला शोधत होती तेव्हा अन्वर उभा राहिला. म्हणाला की मला एक सांगायचं आहे. त्याचा आवाज इतका बारीक होता की पुढच्यांना दोनदा गप्प बसवावं लागलं. "मी विमानमा कधीच बसनू नही," तो म्हणाला. "मी गाडीथीन उनू व्हतू." मग त्याने सगळं सांगितलं. हलव्याचं, खालाचं, त्या आठवड्याचं, अंगणातल्या वाक्याचं, फलाटाचंही. काहीच वगळलं नाही.

त्याला वाटलं होतं की लोक थुंकतील. थुंकलं असतं तर बरं झालं असतं. कुणी थुंकलं नाही. दोघे-चौघे उठून गेले. एका म्हाताऱ्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की तुला दुःख फार झालंय, घरी जाऊन पड. निम्म्या लोकांना खरं वाटलंच नाही, कारण मग तो कापसाचा बोळा कसा काय? आणि ज्यांना खरं वाटलं त्यांनी त्याला वाळीत टाकलं नाही, फक्त ते आपल्या गाद्या दुसरीकडे द्यायला लागले. लोटन काही दिवस त्याच्या अंगणात आला नाही. मग एके दिवशी आला, टांग्याची जुनी गादी पिंजायला टाकली, आणि सवयीने हाक मारली, "ए विमानवाला." हाक मारल्यावर त्याची जीभ अडखळली. पण दुसरं नाव त्याला आठवेना. इतक्या वर्षांत अन्वर हे नाव गाव विसरून गेलं होतं.

त्यानंतर ती हाक दिवसातून दहा वेळा त्याच्या कानावर पडे. तो ओ देई, पण मान वर करत नसे. मी त्याला पाहिला तो असा, खाली बघून कापूस पिंजणारा. माझी आई त्याला चहा देई तेव्हाही तो कप जमिनीकडे बघूनच घेई. आम्हाला वाटायचं मान आखडली असेल.

मोठं युद्ध लागलं तशी विमानं आमच्याही डोक्यावरून जाऊ लागली. लोक रस्त्यात उभे राहून बघत आणि ज्याला त्याला विचारत की हे कुठे जातं, किती वेळात जातं. त्याच दिवसांत, त्रेचाळीसच्या उन्हाळ्यात, धानोऱ्याची एक बाई विमानवाल्याचं घर विचारत मोहल्ल्यात आली. दगूबाई तिचं नाव. तिचा मुलगा कराचीला लष्कराच्या गोदामात हमाल होता आणि नवरा घरी अंथरुणाला खिळला होता. जेवण सुटलं होतं. तार करावी की थांबावं हे तिला कळत नव्हतं. धानोऱ्यात कुणीतरी सांगितलं होतं की हल्ली लष्करातली माणसं विमानाने येतात, अर्ध्या दिवसात घरी, घाई कशाला करतेस, नाहीतर नंदुरबारला एक विमानवाला आहे त्याला विचार.

अन्वर अंगणात पिंजत होता. त्याने तात थांबवली. शमा दारात येऊन उभी राहिली.

त्याने बाईला बसायला गोणपाट टाकलं आणि पाणी दिलं. मग सांगितलं की मी विमानात बसलेलो नाही. हमालाला विमान मिळत नसतं, मिलिटरीत असला तरी. कराचीहून गाडीला चार दिवस लागतात, आता लढाईत पाचही लागतील, आणि तार पोचायला एक धर. बाई गोंधळली. तिने विचारलं की बसला नाहीस तर सारं गाव तुला विमानवाला का म्हणतं.

हा प्रश्न इतक्या वर्षांत त्याला कुणी विचारला नव्हता. गावाला उत्तर माहीत होतं म्हणून, आणि परक्याला विचारायचं सुचत नव्हतं म्हणून. अन्वर सांगू लागला. मी कराचीहून रिकाम्या हाताने आलो होतो, तो म्हणाला, आणि शेजारी माझी एक खाला होती. त्याने वर पाहिलं नाही. त्या एका आठवड्यापर्यंत तो आला, खाटेवरच्या म्हातारीने अर्ध्या दिवसाची तर वाट आहे असं म्हटलं तिथपर्यंत.

दगूबाई तोपर्यंत उभी राहिली होती. पदर कमरेला खोचत म्हणाली, "बाकीनं मंग सांग, भाऊ. पहिले मले तारघर दखाड."

अन्वर कापसाच्या ढिगातून उठला आणि अंगावरचा कापूसही न झटकता तिच्या पुढे चालू लागला.